खडकावरचा पक्षी

देवाशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. तुळशीला हात लावून सांगू? हा बघा, लावला. मला ठाऊक आहे, मी गोष्ट सांगायला लागले की तुम्ही पोरं माझ्या पाठीमागे एकमेकांना डोळे मारता. कृष्णेच्या पुरात मगरीनं आमचा दुधाचा कॅन तोंडात धरून दारात आणून ठेवला, ते सांगितलं तेव्हा हा धाकटा हसून हसून खाटेवरून पडला होता. हसा. मगरीचं मी थोडं वाढवलंही असेल. पण हे तसं नाही. हे आठवलं की अजून माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. हात लावून बघा हवं तर.

“बायकांनी पूर्वेकडे जायचं!” हेर्लेकर सर ओरडले. “पूर्वेकडे, वहिनी! इकडे फ्रेममध्ये कुणी यायचं नाही!”

संध्याकाळची वेळ. जैसलमेरच्या पार पलीकडे, जिथं डांबरी रस्ताही कंटाळून थांबतो, तिथं वाळूत आमचे तंबू ठोकलेले. सूर्य मावळायला टेकलेला. आणि आमच्या मंडळाचे सगळे पुरुष तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरे चढवून पश्चिमेकडे तोंड करून उभे. अंतरपाट कधी खाली होतोय म्हणून नवरदेव बघतो ना, अगदी तसे.

मंडळ म्हणजे सांगलीचं छायानंद मंडळ. फोटोची हौस असलेले सगळे पुरुष त्यात. तुमच्या आजोबांचा निपाणीकर फोटो स्टुडिओ, म्हणून हे चिटणीस. मी स्टुडिओत रिटचिंग करायची. म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोटोतले देवीचे वण बारीक ब्रशनं बुजवायचे, टकलावर चार केस काढायचे, लग्नाच्या फोटोत नवरी रडलेली असली तर तिचे डोळे कोरडे करायचे. सांगलीतल्या निम्म्या लोकांची तोंडं मी सुधारून दिलीत. पण मंडळात बाई मेंबर नव्हती. एकही नाही.

अध्यक्ष हेर्लेकर सर. ते कॉलेजात भूगोल शिकवायचे. हे नीट लक्षात ठेवा. भूगोल.

त्या वर्षी मंडळाची ट्रिप वाळवंटात निघाली आणि पहिल्यांदाच बायकांनाही बोलावणं आलं. आम्ही काय हुरळलो! मी नवीन स्वेटर विणला. रेल्वेत बसल्यावर कळलं, कशासाठी बोलावलंय ते. तिकडचं तिखट आणि तूप ह्यांच्या पोटांना मानवत नाही, म्हणून पोहे, पिठलं, भात करायला बायका. स्टोव्ह आणि कांद्याचं पोतं कॅमेऱ्यांच्या आधी डब्यात चढलं होतं.

तर त्या संध्याकाळी मी सरांना विचारायला गेले होते की, बायकांची सोय कुठं केलीय.

“कसली सोय?” सर कॅमेऱ्यातनं डोळा न काढता म्हणाले.

“अहो, सोय. सकाळची.”

“अच्छा! वहिनी, एवढं मोठं वाळवंट पडलंय की. सगळं आपलंच!”

सगळे पुरुष हसले. आमचे हेही हसले, मी बघितलं.

“आणि आडोसा?” मी म्हटलं.

तेव्हा सरांनी डोळा काढला. मागे वळून हात लांब केला. “ती दोन झाडं दिसतायत ना? तिकडे बायका. आम्ही पश्चिमेला. बायकांनी पूर्वेकडे जायचं!” आणि मग ते फ्रेमचं ओरडले.

पूर्वेकडे दोनच झाडं होती. आपली शमीच ती, दसऱ्याला असते ती. तिकडे खेजडी म्हणतात. वाकडीतिकडी, बुंधा जाड, वर फांद्यांचा पिंजरा. बाकी नजर जाईल तिथवर नुसती वाळू. माझ्याशेजारी विमल उभी होती. विमल कुंभोजकर, आमच्या मंडळाच्या खजिनदाराची बायको. आमच्याच गल्लीतली. भयंकर लाजाळू. दारात पोस्टमन आला तरी ही डोक्यावरून पदर घ्यायची.

“सिंधू, एवढ्याशा झाडाआड माझं कसं गं होणार?” ती कुजबुजली. विमल अंगानं जरा भरलेली होती.

“पहाटे अंधारात जाऊन येऊ,” मी म्हटलं. “उजाडायच्या आत.”

रात्री थंडी म्हणजे काय होती! आमच्याबरोबर एक उंट होता, पाणी वाहायला. त्या उंटानं थंडीनं म्हणा, भुकेनं म्हणा, सरांची लोकरीची टोपी खाल्ली. गोंड्यासकट. मी समोर बसून बघितलं. अगदी शांतपणे खाल्ली, पानसुपारी खावी तशी. त्या उंटाचा चेहरा मी नीट पाहून ठेवला, कारण त्या अख्ख्या ट्रिपमध्ये मला मनापासून आवडलेला तो एकटाच.

पहाटे मी स्टोव्हपाशी. पोह्यांना कांदा चिरत होते. विमल तंबूतनं बाहेर आली. अंगावर घोंगडी, डोक्याला कुंभोजकरांचा मफलर गुंडाळून वर टाळूवर गाठ मारलेली, गाठीची दोन टोकं वर उभी. हातात टमरेल.

“जाते गं पटकन.”

“जा. अजून अंधार आहे.”

ती गेली आणि लगेच पुरुषांच्या तंबूतनं खोकले सुरू झाले. सर बाहेर आले. डोक्याला टॉवेल बांधलेला, टोपी उंटाच्या पोटात ना. त्यांच्या मागून एकेक जण, खांद्यावर स्टँड घेऊन. मला वाटलं, कालच्यासारखे पश्चिमेला जातील. तर ते आमच्या स्टोव्हवरून पुढे आले, वाळूत रांग केली, आणि कॅमेऱ्यांची सगळी तोंडं वळवली पूर्वेकडे. त्या दोन झाडांकडे!

बरोबरच आहे की. सूर्य उगवणार पूर्वेला. संध्याकाळी पश्चिमेचे फोटो काढायचे म्हणून बायकांना उलट्या दिशेला हाकललं, आणि सकाळी सूर्य कुठनं येतो ते भूगोलाच्या प्राध्यापकाच्या ध्यानातच आलं नाही! आलं असेल सूर्याचं, पण बायकांचं नाही. बायकांचं कशाला येतंय.

माझ्या हातातला कांदा गळाला. मी धावले.

“सर, थांबा! जरा थांबा! तोंडं फिरवा!”

“श्श्श!” सर म्हणाले. “वहिनी, लाइट येतोय! आवाज नको.”

“अहो, आवाजाचं नाही, तिकडे—”

“निपाणीकर, वहिनींना आवरा बुवा! आत्ता सिल्हाउट मिळणार आहे. मागे रंगीत आकाश, पुढे काळीभोर झाडं. एकच क्षण असतो!”

आमच्या ह्यांनी मला हातानंच ‘जा’ अशी खूण केली. जसं कोंबडीला करतात. आता एवढ्या पुरुषांपुढं, तिकडे कोण काय करतंय ते मी ओरडून सांगायचं? विमलच्या नवऱ्यापुढं? जीभ रेटेना. मी गप्प राहिले, आणि तो राग अजून माझ्या पोटात आहे.

आकाश मात्र, खोटं कशाला बोलू, आकाश बघत राहावं असं झालं होतं. आधी जांभळाच्या रसासारखं. मग खालनं कोकमाचं आगळ ओतावं तसं लाल चढत गेलं. मग त्याच्याही खालनं हळद फुटली. आणि त्याच्यावर ती दोन झाडं काळी, काजळानं काढल्यासारखी. एकेक काटकी मोजून घ्यावी. सगळे कॅमेरे कडाकड वाजायला लागले. सर तर असे हुंदके देत होते, जसं काही सूर्य त्यांनीच कष्टानं वर ओढलाय.

सूर्य चांगला वर आल्यावर विमल परत आली. लांबून वळसा घालून, मागच्या बाजूनं. तोंड पांढरंफटक. तंबूत शिरली आणि घोंगडीत तोंड घालून रडायला लागली.

“सिंधू, मी मागे वळून बघते तर रांगेनं उभे! सगळे माझ्याकडे तोंड करून!”

“मग उठून पळायचं नाहीस का?”

“कशी उठू? उठले असते तर बाई दिसले असते! म्हटलं, हलायचंच नाही. जीव मुठीत धरून दगडासारखी बसून राहिले. ते कडाकड कडाकड वाजतायत आणि मी आपली रामनाम घेतेय. त्या तसल्या अवस्थेत रामाचं नाव घेतलं गं मी, त्याचंही पाप लागणार!”

“रडू नकोस,” मी म्हटलं. “अंधारच होता. फोटोत नुसता काळोख येईल. मी काय फोटो बघितले नाहीत? काही दिसत नाही.”

असं मी म्हटलं. पुढे काय झालं ते ऐका.

दिवाळीनंतर मंडळाचं प्रदर्शन होतं, सांगलीतच, एका हॉलमध्ये. त्या वर्षी बक्षीस मोठं होतं. हळदीचे व्यापारी बापूसाहेब मगदूम यांनी जाहीर केलं होतं की, पहिला येणारा फोटो त्यांच्या पेढीच्या कॅलेंडरवर छापणार. मगदूमांचं कॅलेंडर म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही. सांगली, मिरज, जयसिंगपूर, एक घर सुटायचं नाही. वाण्याच्या दुकानात, डॉक्टरच्या दवाखान्यात, चुलीच्या वर, देवघराशेजारी. दूधवाल्याचे खाडे त्याच्यावरच मांडायचे. वर्षभर भिंतीवर.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये गेले, ह्यांचा डबा घेऊन. फोटो लावणं चाललं होतं. आणि समोरच्या भिंतीवर, मधोमध, दाराएवढा मोठा फोटो. तेच आकाश. तीच दोन झाडं. आणि डाव्या झाडाच्या बुंध्याला लागून एक काळा गोल.

मी जवळ गेले. गोलाच्या वर दोन टोकं उभी होती. मफलरच्या गाठीची. आणि गोलाच्या पुढे, वाळूवर, टमरेल. कडीसकट.

मी डबा खाली ठेवला आणि परत बघितलं.

“काय वहिनी, कसा वाटला?” मागनं सर आले. “कोल्हापूरच्या लॅबमधनं मोठा करून आणला. काच मुद्दाम लावली नाही, चमकते. त्या खडकाकडे बघा. झाडाच्या उभेपणाला खडकाचा गोलवा कसा तोलून धरतो! आणि खडकावर पक्षी बसलाय, पंख उभारून. वाळवंटात जीवन! मी फोटोचं नावच ठेवलंय, ‘खडकावरचा पक्षी’.”

“तिथं खडक नव्हता,” मी म्हटलं.

“काय?”

“सर, तिथं खडक नव्हता. मी बघितलंय. हा फोटो लावू नका.”

“वहिनी,” सर हसले. ते हसणं मला अजून दिसतं. “तुम्ही तिकडे पोह्यांत होता. आणि हे काय नवरीच्या गालावरची पुटकुळी बुजवण्यासारखं नाही. ह्याला नजर लागते. काय निपाणीकर?”

आमचे हे शिडीवर उभे होते. चष्मा वर करून त्यांनी फोटोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “खडक झकास आहे, सर.”

झकास!

“सर, मी हात जोडते,” मी म्हटलं. “दुसरा कुठलाही लावा.”

“का पण? कारण सांगा.”

कारण! कारण सांगितलं की संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आणि नाही सांगितलं तर वर्षभर घराघरांत भिंतीवर लटकायचं. लोक त्याच्याखाली बसून जेवणार. आणि एखाद दिवशी कुणीतरी नजरेचं तीक्ष्ण माणूस म्हणणारच, अरे, ह्या पक्ष्याखाली कडीचं टमरेल कसलं? मग ट्रिपला कोण कोण बायका होत्या, मोजायला कितीसा वेळ लागतो?

मी घरी आले ती धुसफुसत. विमलकडे गेले. तिला सांगितलं तर ती भिंतीला टेकून खालीच बसली.

“आता मला सांगलीत राहता यायचं नाही,” म्हणाली. “मी जाते माहेरी, इचलकरंजीला.”

“इचलकरंजीलाही कॅलेंडर जातं,” मी म्हटलं.

रात्री जेवताना मी ह्यांच्याशी बोलले नाही. आमटी वाढली ती पळी आपटून. हे आपले खाली मान घालून जेवले. हात धुऊन आले आणि एकाएकी म्हणाले, “हॉलची किल्ली खुंटीवर आहे हं.”

“मला काय करायची?” मी खेकसले.

“नाही, आपलं सांगून ठेवलं,” म्हणाले आणि झोपायला गेले.

पहाटे उठले. खुंटीवर किल्ली होती. खाली फळीवर माझी काळ्या शाईची बाटली, आणि माझा बारीकातला बारीक ब्रश, स्वच्छ धुऊन ठेवलेला. मी अंगावर शाल घेतली आणि चालू लागले. रस्त्यात फक्त दूधवाले. ते म्हणाले, “काय काकू, देवळात?” मी म्हटलं, “हो, उंटाच्या.”

हॉल उघडला. फोटोसमोर स्टूल घेऊन बसले. आता काळं पुसून त्याच्यावर तसलं आकाश रंगवणं माझ्याच्यानं काय, कुणाच्याच्यानं झालं नसतं. पण काळ्याला काळं जोडायला किती वेळ लागतो? तो गोल होता ना, त्याची केली मी मदार. मफलरची गाठ म्हणजे खोगिराचा शेंडा. टमरेल होतं तिथं पुढचा दुमडलेला गुडघा. आणि तिथून एक मान काढली, लांब, वर वळलेली, आणि मानेवर चेहरा. चेहरा कुणाचा काढायचा ते मला ठाऊकच होतं. खालचा ओठ लोंबता, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, टोपी खाऊन तृप्त झाल्यासारखा. चार पावलं लांब उभं राहून बघितलं. झाडाखाली उंट बसला होता. जन्मल्यापासून तिथंच बसल्यासारखा.

दहा वाजता उद्घाटन. सर मगदूमांच्याच गाडीतनं आले, त्यामुळे आत येईपर्यंत त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि मगदूम सरळ त्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले. धोतर, कोट, हातात छत्री.

“आयला!” ते म्हणाले. “उंट!”

सर पुढे झाले. “नाही नाही, बापूसाहेब, तो खडक आहे, आणि त्याच्यावर जो पक्षी—”

आणि थांबले. तोंड उघडंच राहिलं. फोटोकडे बघितलं, खाली नावाच्या चिठ्ठीकडे बघितलं, परत फोटोकडे. मी खांबाजवळ उभी होते. माझ्या शेजारी विमल, पदर तोंडाशी.

“खडक कसला वो सर?” मगदूम म्हणाले. “चांगला जिता उंट बसलाय की! चेहरा बघा त्याचा. आमच्या थोरल्या काकांसारखा! हे असलं चित्र पाहिजे कॅलेंडरला. झाडं नुसती काय करायची? पण सर, हा नेमका तिथं येऊन बसला कसा?”

सगळा हॉल सरांकडे बघायला लागला. आता बघा, ह्या वेळी त्या माणसाला दोन रस्ते होते. एक म्हणायचं, की हा उंट माझा नाही, कुणीतरी काढलाय. म्हणजे फोटो बाद. नाहीतर गप्प बसायचं. पण सरांनी तिसराच काढला.

त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, “बापूसाहेब, त्या उंटासाठी मी तासन् तास थांबलो.”

“काय सांगताय!”

“हो तर. पहाटेपासून वाळूत पालथा पडून. मला ठाऊक होतं, तो तिथंच येऊन बसणार. प्राण्याच्या मनातलं ओळखावं लागतं. मी श्वाससुद्धा घेतला नाही.”

“तेवढा वेळ सूर्य थांबला होय हो, सर?” आमचे हे मागनं हळूच म्हणाले.

पण टाळ्या झाल्या होत्या. पहिलं बक्षीस. शाल, नारळ, कॅलेंडर. अरे, माझा उंट! माझ्या ब्रशचा उंट, विमलची बैठक, आणि शाल कुणाला, तर ज्यानं आम्हाला पूर्वेला हाकललं त्याला! मी तिथंच ओरडणार होते. विमलनं माझं मनगट घट्ट धरलं.

“असू दे गं,” ती म्हणाली. “उंट आहे तो. उंटच राहू दे.”

मला गप्प बसवायला त्या बाईला केवढा जोर लावावा लागला! मनगटावर वळ उठला होता.

चार दिवस गेले असतील. दुपारी स्टुडिओत मी एकटी. सर आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“निपाणीकर नाहीत?”

“साखरपुड्याचे फोटो काढायला गेलेत. बसा.”

बसले नाहीत. “वहिनी, तो उंट...”

“कुठला उंट?”

“वहिनी, ते तुमचंच काम आहे. एवढा बारीक हात सांगलीत दुसऱ्या कुणाचा नाही.”

“अगं बाई! नवरीच्या पुटकुळ्या बुजवणारी मी. मला कुठली नजर? आणि तुम्ही तर श्वास न घेता थांबला होतात त्याच्यासाठी.”

सरांचा चेहरा पडला. “छापखान्यातनं माणूस आला होता. कॅलेंडरला निगेटिव्ह मागतायत. निगेटिव्हवर... निगेटिव्हवर खडकच आहे. आणि बापूसाहेब रोज विचारतात, उंट छापला का. मी त्यांना काय सांगू?”

“सांगा, उठून गेला.”

“वहिनी!”

मी हातातलं काम खाली ठेवलं. आता माझी पाळी होती. “सर, प्रदर्शनातला फोटो इथं आणून द्या. त्याचाच फोटो काढून ह्यांच्याकडनं नवीन निगेटिव्ह करून देते, उंटासकट. छापखान्याला काही कळायचं नाही. पण जुनी निगेटिव्ह मला द्यायची. आत्ता. आणि बाकी कुणी त्या बाजूचे फोटो काढलेत, त्यांच्याकडच्याही गोळा करून. अध्यक्ष आहात ना? ऐकतील.”

“ती कशाला?”

“आणि दुसरं. पुढच्या वेळी ट्रिपला बायका नेल्यात, तर तंबू ठोकायच्या आधी बायकांसाठी चार बाजूंनी तट्ट्या लावलेली, वर छप्पर असलेली जागा करायची. ती झाल्याशिवाय तुमचा एक कॅमेरा पिशवीतनं बाहेर निघायचा नाही.”

सर म्हणाले, “ह्याचा आणि उंटाचा काय संबंध?”

“तुम्ही भूगोल शिकवता ना सर?” मी म्हटलं. “घरी जाऊन नकाशा काढा. तुमचे तंबू कुठं, झाडं कुठं, संध्याकाळी तुम्ही आम्हाला बोट कुठं दाखवलंत, आणि पहाटे कॅमेरे कुठं लावलेत. मग बघा खडक सापडतोय का.”

नकाशाला घरी जावं लागलं नाही. तिथंच उभ्या उभ्या त्यांचं बोट आधी एका दिशेला गेलं, मग दुसऱ्या. मग ते बोट हवेतच राहिलं. कानापासून मानेपर्यंत हा माणूस असा लाल झाला, की त्या पहाटेचं आकाश त्याच्यापुढं फिकं.

“अरे देवा,” ते म्हणाले. “कोण... कोण होत्या?”

“खडक,” मी म्हटलं. “तुम्हीच सांगितलंत की.”

संध्याकाळच्या आत सगळ्या निगेटिव्ह माझ्या हातात. मी त्या आंघोळीच्या बंबात घातल्या. असा वास सुटला की शेजारची म्हणाली, काय जळतंय हो? मी म्हटलं, सूर्योदय. आणि पुढच्या वर्षी आमचा उंट घराघरांत गेला. आमच्या स्वयंपाकघरात वर्षभर तोच. मी त्याच्यापुढं पोळ्या लाटायची आणि तो आपला अर्ध्या पापण्यांनी माझ्याकडे बघायचा. त्यानंतर सर मला रस्त्यात भेटले की भर उन्हातसुद्धा समोरच्या फुटपाथवर जायचे. पण तट्ट्या लावल्या हो पुढच्या ट्रिपला. दाराला कडीसुद्धा होती. मी स्वतः तीनदा लावून बघितली.

झाली गोष्ट. शब्दन् शब्द खरा.

बरं. बरं, तुळशीला हात लावलाय म्हणून सांगते. एक जागा मी थोडी रिटच केलीय. एकच.

विमल त्या पहाटे बाहेर गेलीच नव्हती. ती आपली स्टोव्हपाशी कांदा चिरत बसली होती. ‘सर, तोंडं फिरवा’ म्हणून धावत गेली ती विमल. आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषांपुढं ओरडली बिचारी, आणि कुणी ऐकलं नाही. भिंतीला टेकून खाली बसले, ती मी. इचलकरंजीलाही कॅलेंडर जातं, हे तिनं मला सांगितलं, कारण माझंही माहेर तेच. तेव्हा खडक कोण होतं, ते आता कळलं असेल. हसा, हसा. नाव बदललं तेवढंच. बाकी उंट खरा, टोपी खरी, टमरेल खरं.

पुष्कळ वर्षांनी, तुमच्या आजोबांचा स्टुडिओ बंद झाल्यावर, ट्रंकेत ते कॅलेंडर सापडलं. मी म्हटलं, आता काय लपवायचं? म्हटलं, “अहो, एक सांगू का? ह्या उंटाच्या आत मी आहे.”

“ठाऊक आहे,” हे म्हणाले.

“काय ठाऊक आहे?”

“हॉलमध्ये शिडीवर होतो तेव्हाच ओळखलं. माझाच मफलर होता की तुझ्या डोक्याला. नाहीतर किल्ली खुंटीवर कशाला ठेवली असती? ब्रश धुऊन कुणी ठेवला?”

मी कॅलेंडर खाली ठेवलं. “म्हणजे ओळखूनसुद्धा, त्या माणसापुढं, माझ्या तोंडावर, तुम्ही ‘खडक झकास आहे’ म्हणालात?”

ह्यांनी चष्मा वर केला. परत एकदा त्या कॅलेंडरकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“मग? होताच झकास.”

आठ दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी.